बादलीतला धीर
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाळेच्या हीरक महोत्सवात माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा झाली. विवाहानंतर माझे वास्तव्य कलकत्त्यात आहे आणि व्यवसाय हिशेब तपासण्याचा. त्याविषयी बोलले तर आपणांस झोप येईल. म्हणून मी माझ्या गच्चीवरील एका बादलीविषयी बोलणार आहे. तिने शिकवलेल्या धड्याची किंमत मी मोजलेली आहे.

बंगालचे स्वयंपाकघर मोहरीच्या तेलावर चालते. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीला तेथे ‘खोल’ म्हणतात. पेंड म्हटली की आपल्याला गोठा आठवतो. कलकत्त्याच्या माणसाला गच्चीवरच्या कुंड्या आठवतात. पेंड पाण्यात कुजवून केलेले पातळ खत हे तेथील घरोघरचे खत. हिवाळ्यात गल्लोगल्लीच्या गच्च्या डेलिया आणि शेवंतीने बहरतात. मात्र त्याआधी त्याच गच्च्यांवरून भिजलेल्या खोलीचा उग्र दर्प येत असतो.

या नगरीच्या बागांशी आपल्या भाषेचाही एक धागा जुळलेला आहे. अलीपूरची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८२० मध्ये स्थापन केली ती विल्यम केरी यांनी. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारे केरी तेच. १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश हीही त्यांचीच कामे. भाषा आणि बाग, दोन्हींची मशागत एकाच माणसाने केली, हे मराठी शाळेच्या व्यासपीठावरून सांगताना मला आनंद होतो.

आता माझी चूक सांगते. आई गेल्यावर गावचे घर विकले गेले. अंगणातल्या मोगऱ्याची एक फांदी मी कलकत्त्याला नेली आणि ती कुंडीत रुजली. पहिल्या वर्षश्राद्धाला त्याच मोगऱ्याचे फूल आईच्या तसबिरीला वाहावे, अशी इच्छा होती. दिवस थोडे उरले होते आणि कळ्यांचा पत्ता नव्हता. मी पेंड भिजवली, तिसऱ्याच दिवशी ते दाट पाणी जसेच्या तसे कुंडीत ओतले. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात पाने गळाली. शेजारच्या वृद्ध माशिमांनी कुंडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, तान्ह्या बाळाला कुणी जेवणाचे ताट वाढते का?” त्यांनी कुंडीतून भरपूर स्वच्छ पाणी वाहू दिले. पण उशीर झाला होता. तो मोगरा पुन्हा फुटला नाही. दुसरी फांदी आणायला अंगणच उरले नव्हते.

असे का झाले, हे मी नंतर समजून घेतले. मोहरीच्या पेंडीत साधारण पाच टक्क्यांच्या आसपास नत्र असते. पण ते प्रथिनांच्या रूपात. झाडाला ते तसे घेता येत नाही. सूक्ष्म जीव आधी त्याचा अमोनिया करतात, मग मातीत त्याचे नायट्रेट होते. याला दिवस लागतात. शिवाय मोहरीचा जो झणका आपल्या नाकाला झोंबतो, तो ताज्या भिजवणीत कोवळ्या मुळांनाही सोसत नाही. आणि द्रावण फार तीव्र असेल तर मुळांना पाणी मिळण्याऐवजी त्यांच्यातलेच पाणी बाहेर ओढले जाते. मी आठवडा वाचवला आणि झाड गमावले.

म्हणून आता माझी रीत अशी. १०० ग्रॅम पेंडीला एक लिटर पाणी. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे. तोंडाला बारीक विणीचे कापड घट्ट बांधावे. झाकण लावू नये, कारण आत वायू तयार होतो. कापड मात्र टाळू नये, कारण साठलेल्या पाण्यात डास होतात आणि डेंग्यूने कलकत्ता पोळलेले शहर आहे. रोज एकदा काठीने ढवळावे. सात दिवस थांबावे. थंडीत आणखी दोन-तीन. मग गाळून एका भागात दहा भाग पाणी मिसळावे, लहान रोपांसाठी वीस. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसावा. माती आधी ओली करून संध्याकाळी मुळाशी घालावे, पंधरा दिवसांतून एकदाच. पानांवर ओतू नये. मुसळधार पावसात देऊ नये. शेवंतीच्या कळीला रंग दिसू लागला की थांबावे. उरलेला चोथा कंपोस्टमध्ये जातो. आपल्याकडे मोहरीची पेंड सहज मिळत नसेल, तर शेंगदाण्याची पेंडही अशीच चालते.

कलकत्ता शहरही हेच मोठ्या प्रमाणावर करते. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ भूमी आहे. २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शहराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत येते, ऊन आणि शेवाळ त्यावर काम करतात आणि त्याच पाण्यावर मासे वाढतात. जवळच्या धाप्याला जुन्या कचऱ्याच्या जमिनीवर भाजी पिकते. तेथेही घाणीचे अन्न होते ते पुरेसे पाणी आणि पुरेसे दिवस मिळाल्यामुळे.

पालकहो, मी शिक्षिका नाही. मुलांविषयी उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगते, की त्या मोगऱ्यावर माझे प्रेम कमी नव्हते. ते मी फार दाट आणि फार लवकर ओतले.

शाळेच्या मागच्या भिंतीलगत आज मोकळी जागा दिसली. येत्या हिवाळ्यात मुलांनी तेथे शेवंती लावावी आणि खताची बादली त्यांनीच रोज ढवळावी, अशी माझी विनंती आहे. वास येईल, तक्रारीही येतील. सात दिवस थांबा, आणि दहापट पाणी घालायला विसरू नका.