तरुण व्यसनी : तुरुंग की उपचार?

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याच्या येरवडा भागात १८७१ साली ब्रिटिश सरकारने मध्यवर्ती तुरुंग बांधला. स्वातंत्र्यलढ्यातील असंख्य राजबंद्यांमुळे त्याचे नाव देशभर माहीत झाले. त्याच येरवड्यात, मनोरुग्णालयाच्या आवारात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. सुनंदा अवचट व अनिल अवचट यांनी ते उभारले आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक साह्य दिले. ब्राऊन शुगरने, म्हणजे लोकभाषेतील ‘गर्द’ने, मुंबई-पुण्यातील तरुणांना तेव्हा विळखा घातला होता. याच सुमारास संसदेने ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ संमत केला. एनडीपीएस कायदा या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला.

एकाच व्यसनासाठी समाजाने जवळजवळ एकाच वेळी दोन दारे उघडली, एक तुरुंगाचे आणि दुसरे उपचाराचे. कोणत्या तरुणाला कोणते दार मिळते आणि ते कोण ठरविते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहणे आवश्यक आहे. अमली पदार्थाचे केवळ सेवन करणे हा कलम २७ अन्वये गुन्हा आहे. हेरॉईन, मॉर्फिन, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत कारावास, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणे हा वेगळा गुन्हा असून त्यालाही २०१४ च्या दुरुस्तीपासून एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. हेरॉईनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण म्हणजे २५० ग्रॅमच्या वर, अशी वर्गवारी २००१ साली ठरविण्यात आली.

परंतु याच कायद्यात उपचाराचीही तरतूद आहे. कलम ३९ अन्वये, दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने सरकारी वा सरकारमान्य रुग्णालयात उपचारासाठी पाठविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. १९८९ साली घातलेले कलम ६४-अ त्याहूनही पुढे जाते. सेवनाचा अथवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने पूर्ण उपचार घेईल, तर त्याच्यावर खटलाच चालू नये, असे ते सांगते. कलम ७१ अन्वये व्यसनींच्या उपचारासाठी व पुनर्वसनासाठी केंद्रे स्थापन करण्याचा अधिकार सरकारला देण्यात आला आहे. म्हणजे व्यसनी हा रुग्ण आहे, हे राज्यसंस्थेने कागदावर मान्य केले त्याला साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला.

मग कागदावरील ही मान्यता प्रत्यक्षात का उतरत नाही? याचे पहिले कारण कायद्याच्या रचनेतच आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने एकवीस वर्षांखालील तरुण अपराध्यांना एक महत्त्वाचे संरक्षण दिले. ज्या गुन्ह्याला जन्मठेपेची शिक्षा नाही, त्यासाठी अशा तरुणाला शक्यतो तुरुंगात धाडू नये, धाडावयाचे झाल्यास न्यायालयाने कारणे नोंदवावीत, असे तो कायदा सांगतो. पण एनडीपीएस कायद्याच्या कलम ३३ ने हे संरक्षण काढून घेतले. अठरा वर्षांखालील मुले आणि कलम २६ व २७ चे दोषी एवढ्यांनाच ते शिल्लक ठेवले. परिणामी खिशात दोन पुड्या सापडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलावर सेवनाचे कलम लागते की बाळगण्याचे, यावर त्याचे भवितव्य ठरते. आणि ते कलम प्रथम ठरविते पोलीस ठाणे.

दुसरे कारण अधिक खोल आहे व ते वर्गीय स्वरूपाचे आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या एखाद्या तरुण बिगाऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्याला पकडले जाते. वकील कोठून आणावा हे घरच्यांना ठाऊक नसते. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळत नाही, रोख रक्कम भरता येत नाही. कलम ६४-अ चे नावही त्याच्या कानावर आलेले नसते. तो कच्चा कैदी म्हणून आत राहतो. २०२२ च्या अखेरीस भारतातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन असे कच्चे कैदीच होते. श्रीमंत घरातील मुलगा याच अवस्थेत सापडला, तर वकील त्याच दिवशी हजर होतो, खासगी रुग्णालयाचा दाखला न्यायालयापुढे येतो, आणि उपचाराचे दार उघडते. कायदा दोघांसाठी एकच. त्यातील सवलतीचे कलम मात्र ज्याला परवडते त्याचे. पंजाबातील २०१३ ते २०१५ या काळातील खटल्यांचा जो अभ्यास विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केला, त्यातही उपचाराकडे वळविण्याच्या या तरतुदींचा न्यायालयांत जवळजवळ वापरच होत नसल्याचे दिसून आले.

तुरुंगात या तरुणाचे काय होते? हेरॉईनची सवय जडलेल्या शरीराला ते मिळेनासे झाले, की काही तासांतच हाडे दुखू लागतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. मुंबईतील व्यसनी यालाच ‘टर्की’ म्हणतात. आठ-दहा दिवसांत शरीर सावरते. मनातील ओढ मात्र महिनोन् महिने टिकते. खरा उपचार याच ओढीवर करावयाचा असतो, आणि नेमका तोच तुरुंगात नसतो. त्याऐवजी तेथे धंद्यातील मुरलेली माणसे भेटतात. शिवाय, व्यसन तुटलेल्या काळात जुनी मात्रा सोसण्याची शरीराची शक्ती कमी झालेली असते. सुटल्यावर पूर्वीच्याच मात्रेने घेतलेली पहिली पुडी प्राणघातक ठरू शकते. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे मृत्यूच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखविले आहे. न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिलेली असते. काहींच्या बाबतीत ती देहान्ताची ठरते.

आता धंद्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातमधील मुंद्रा या खासगी बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेल्या कंटेनरांत ते शंखजिऱ्याच्या भुकटीच्या नावाखाली दडविलेले होते. पाच ग्रॅमच्या कायदेशीर अल्प प्रमाणाशी या साठ्याची तुलना केली, तर एका खेपेत अशी सहा लाख अल्प प्रमाणे होती. एवढा माल आणण्यासाठी भांडवल लागते, जहाजे, कागदपत्रे व बँकव्यवहार लागतात. यांतील एकही गोष्ट झोपडपट्टीच्या कोपऱ्यावर बसलेल्या गर्दुल्ल्यापाशी नसते. तरीही अटकेच्या आकड्यांत भर पडते ती त्याचीच; कारण त्याला पकडणे सोपे असते.

हा धंदा आणि भांडवलाचा संचय यांचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. तिच्या नफ्यावर या शहरातील कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. आणि अफूवर बंदी घालणाऱ्या चीनवर ब्रिटिशांनी १८३९ ते १८४२ या काळात युद्ध लादले. पुढे फेब्रुवारी १९५० मध्ये चीनच्या लोकसरकारने अफूबंदीचा आदेश काढला तेव्हा व्यापारी आणि सेवन करणारा यांच्यात भेद करण्यात आला. मोठ्या व्यापाऱ्यांवर अतिशय कठोर कारवाई झाली. सेवन करणाऱ्यांनी नोंद करून ठरावीक मुदतीत व्यसन सोडावे, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. त्या मोहिमेतील सारेच मार्ग आज अनुकरणीय मानता येणार नाहीत. परंतु हा भेद आजही मार्गदर्शक आहे.

तरुण या मार्गाला का लागतात, याचे एकच उत्तर नाही. सधन घरांतही व्यसन आहे. तथापि, जेथे उद्याची आशा तुटते तेथे ते झपाट्याने मूळ धरते, हे नाकारता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संपानंतर हजारो घरांची चूल थंडावली. त्याच दशकात मुंबईच्या कामगार वस्त्यांतील बेकार तरुणांपर्यंत गर्द येऊन पोचले. व्यसनमुक्तीनंतर हाताला काम नसेल, तर सुटलेला तरुण पुन्हा त्याच कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. म्हणून पुनर्वसन या शब्दात औषध, समुपदेशन आणि रोजगार ही तिन्ही अंगे आलीच पाहिजेत.

हे शक्य आहे काय? पोर्तुगालचा अनुभव येथे उपयुक्त आहे. नव्वदच्या दशकात त्या लहानशा देशात हेरॉईनने थैमान घातले होते. १ जुलै २००१ पासून तेथे दहा दिवस पुरेल एवढा पदार्थ स्वतःसाठी बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. बंदी कायम राहिली, विक्री हा गुन्हाच राहिला; पण पकडलेल्या व्यक्तीला न्यायालयाऐवजी कायदा, आरोग्य व समाजकार्य यांतील जाणकारांच्या तीन सदस्यांच्या मंडळापुढे पाठविले जाऊ लागले. सुयांच्या वापरातून होणारी एचआयव्हीची नवी लागण त्यानंतरच्या वर्षांत प्रचंड घटली. कायद्यातील बदलाबरोबर सार्वजनिक उपचारसेवेवर खर्च केला गेला, हे या यशाचे मर्म होय. पुढे आर्थिक काटकसरीच्या काळात, २०१२ साली, या कामाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था मोडण्यात आली, उपचारसेवा विखुरल्या, आणि त्या कार्यक्रमाची ताकद ओसरली. यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे : तुरुंगाचे दार बंद करून उपचाराचे दार उघडलेच नाही, तर तरुण रस्त्यावरच राहतो.

भारतात ही उणीव केवढी आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, अफूजन्य पदार्थांच्या व्यसनापायी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख होती. उपचारसेवा अत्यंत अपुऱ्या आहेत, असाच त्या अहवालाचा निष्कर्ष होता. पंजाबात २०१७ पासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिनयुक्त गोळ्या देण्यास सुरुवात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध व मेथाडोन यांचा समावेश २००५ सालीच अत्यावश्यक औषधांच्या यादीत केलेला आहे. २०२१ साली अल्प प्रमाण बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवावे, अशी सूचना सामाजिक न्याय मंत्रालयाने केल्याचे वृत्त आले. पण त्या वर्षअखेरीस कायद्यात जी दुरुस्ती झाली, ती आधीच्या मसुद्यातील चूक सुधारण्यापुरती होती. व्यसनी तरुण होता तेथेच राहिला.

या भूमिकेवर आक्षेप येतात, आणि ते केवळ प्रतिगाम्यांकडून येत नाहीत. घरातील भांडी विकणाऱ्या मुलाला कंटाळून आईच पोलिसांना सांगते, “याला आत टाका.” वस्तीतले कामगार म्हणतात, गर्दुल्ल्यांची दया कसली? पक्षाच्या शाखांतही हा सूर उमटतो. त्या आईचा संताप खोटा नाही. पण तिने तुरुंग मागितला तो दुसरे काही उपलब्ध नसल्यामुळे. सरकारी रुग्णालयात खाट असती, विश्वासाने सोपवावे असे केंद्र असते, तर तिने तेच मागितले असते. चोरी व मारहाण यांवरील कायदे शाबूतच राहतील. येथे प्रश्न आहे तो व्यसनालाच गुन्हा मानण्याचा.

दुसरा आक्षेप सक्तीचा. साखळीने बांधणारी, मारहाण करणारी, कुटुंबाकडून पैसे उकळणारी खासगी ‘केंद्रे’ देशात निघाली आहेत. तुरुंगाला उपचाराची पाटी लावल्याने तो रुग्णालय होत नाही. म्हणूनच कलम ३९ व ६४-अ यांतील संमती व स्वेच्छा या अटी मोलाच्या आहेत. व्यसन पुन्हा जडणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे. तो अपराध मानून पहिल्याच घसरणीला उपचाराचे संरक्षण काढून घेणे म्हणजे क्षयरोग्याला दुसऱ्यांदा खोकला आल्याबद्दल शिक्षा करणे होय.

तेव्हा मागण्या पुढीलप्रमाणे असल्या पाहिजेत. सेवन आणि स्वतःपुरते अल्प प्रमाण बाळगणे यांसाठी कारावास रद्द करावा. तोवर, कलम ३३ दुरुस्त करून एकवीस वर्षांखालील तरुणांना परिवीक्षेचे संरक्षण परत द्यावे. कलम ६४-अ ची माहिती अटकेच्या वेळीच देणे पोलिसांवर बंधनकारक करावे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत व्यसनमुक्ती विभाग असावा, तुरुंगांतही औषधोपचार मिळावा, खासगी केंद्रांवर कडक देखरेख असावी. मुलांना या धंद्यात राबविणाऱ्यांना २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम ७८ सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. त्याची अंमलबजावणी म्होरक्यांवर व्हावी.

मागण्या मंजूर होईपर्यंत शाखांनी थांबण्याचे कारण नाही. वस्तीतील तरुण पकडला गेला, तर दुसऱ्या दिवशी न्यायालयात शाखेचा एक सभासद हजर असावा. मोफत विधी सेवेचा वकील मिळवावा, उपचाराचा अर्ज करवून घ्यावा, जामीनदार उभा करावा. उपचारानंतर तो परतला की युनियनने त्याच्या कामाची खटपट करावी. महिला संघटनेने त्या आईच्या घरी जावे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती त्याला आपला मानणाऱ्या माणसांची, आणि संघटित कामगार वर्गाजवळ ती माणसे आहेत.