कबरीच्या दारावरील पाटी



रोमचा इतिहास म्हटला की सीझर आणि सम्राट आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी आपणांस एका सुईणीची ओळख करून देणार आहे.

टायबर नदीच्या मुखाशी ऑस्टिया हे शहर व त्याच्या उत्तरेस पोर्तुस हे बंदर होते. दोहोंच्या मध्ये इसोला साक्रा नावाचे बेट आहे. शहराच्या हद्दीत प्रेत पुरू अथवा जाळू नये असा रोमन कायदा होता. म्हणून बंदरातील लोकांनी या बेटावरील रस्त्याच्या कडेला कबरी बांधल्या. पुढे त्यांवर वाळू चढली आणि त्या वाचल्या. १९२५ ते १९४० या काळात ग्वीदो काल्झा यांनी उत्खनन करून शंभरावर कबरी मोकळ्या केल्या.

कबर म्हणजे जणू छोटे घरच. दारावर संगमरवरी पाटी. पुष्कळ पाट्यांवर शोक थोडा आणि हिशेब जास्त! कबर कोणी बांधली, कोणासाठी बांधली, रस्त्याकडील रुंदी किती फूट, आतील खोली किती फूट. आपल्या सातबाराच्या उताऱ्याची आठवण व्हावी.

शंभर क्रमांकाची कबर दुसऱ्या शतकातील. स्क्रिबोनिया आत्तिके या बाईने ती स्वतःसाठी, पतीसाठी व आईसाठी बांधली. तिचा धंदा पाटीवर लिहिलेला नाही. तो भाजक्या मातीच्या फलकावर कोरला आहे. खुर्चीवर बाळंतीण, तिला मागून धरणारी बाई, आणि समोर ठेंगण्या आसनावर सुईण. दुसऱ्या फलकावर पती आमेरिम्नुस रुग्णाच्या पायावर उपचार करीत आहे, बाजूला शस्त्रक्रियेची हत्यारे. निरक्षर वाटसरूलाही कळावे, अशी ही सोय. दोघांची नावे ग्रीक आहेत; गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांत अशी नावे फार आढळतात. आमेरिम्नुस याचा अर्थ निश्चिंत!

आता पाटीचा शेवट पाहा. आपण मुक्त केलेले दास, दासी व त्यांची संतती यांनाही बाईने येथे जागा दिली आहे, मात्र पानारातुस आणि प्रोस्दोकिया यांना वगळून. मला हे वाक्य फार खटकते. बाई स्वतः बहुधा त्याच थरातून वर आलेली. त्या दोघांचा अपराध काय, ते दगड सांगत नाही. आणि गंमत अशी, की ज्यांना सरसकट आत घेतले त्यांची नावे पाटीवर नाहीत. ज्यांना दार बंद केले, त्यांची मात्र आहेत.

ज्यांना असे घर परवडले नाही ते मधल्या वाळूत आहेत. कोणावर तिरपी कौले रचलेली. कोणाजवळ मातीचा मोठा कुंभ पुरलेला, त्याची मान जमिनीवर. नातलगांनी त्यातून मृतासाठी पेय ओतावे. तेल व मद्य घेऊन येणारे असे कुंभ बंदरात ढिगाने रिकामे होत. यांच्यावर अक्षर नाही.

तरी हाडे थोडे सांगतात. या कबरस्तानातील पुष्कळ पुरुषांच्या कानाच्या नळीत हाड वाढलेले आढळले, स्त्रियांच्या नाही. गार पाण्यात वारंवार उतरणाऱ्यांना हा विकार होतो. ही बंदरातील कामाची खूण असावी, असे काही संशोधक मानतात.