बसणे हिरावले तेव्हा
(नरसी नामदेव येथील व्याख्यान)



नरसी ही चालणाऱ्यांची भूमी. परंपरेनुसार १२७० साली येथे जन्मलेले संत नामदेव पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले. जैन साधु-साध्वींचा विहारही पायीच. दोन्ही परंपरांत चालण्याला मोठा मान आहे. परंतु दहा पावले टाकणेही ज्याला दुष्कर, आणि ज्याच्या वेदनेची बाहेरून खूणही दिसत नाही, त्याने काय करावे?

मज्जातंतूंची वेदना जखमेच्या वेदनेहून निराळी असते. मधुमेहात, नागीण बरी झाल्यावर, किंवा मणक्यात नस दबल्यावर अंगाची आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी कळ जाते. मूळ दुखणे ओसरले तरी नस इशारा देतच राहते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. म्हणून डॉक्टर पुष्कळदा अपस्मारावरील किंवा नैराश्यावरील औषधे देतात. घरची मंडळी ती चिठ्ठी वाचून ‘हा डोक्याचाच आजार’ असे ठरवून मोकळी होतात आणि रुग्ण लाजेने औषध सोडतो. वेदनेपेक्षा हा अविश्वासच कित्येकांना अधिक जाळतो.

तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या बावीस परीषहांत चर्या, निषद्या, शय्या आणि रोग यांचा समावेश आहे. म्हणजे चालणे, बसणे, निजणे यांतील कष्ट आचार्यांनी बारकाईने वेगवेगळे जाणले होते. वेदनेचेच अखंड चिंतन करीत राहणे हा त्याच ग्रंथात आर्तध्यानाचा एक प्रकार म्हटला आहे. यावरून औषध नाकारावे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. औषधदान हे जैनांच्या चार दानांपैकी एक आहे.

निषद्या म्हणजे बसणे. तेच ज्यांच्याकडून हिरावले गेले असे गृहस्थ महाराष्ट्राने पाहिले, ते बाबा आमटे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून त्यांनी कुष्ठरुग्णांना आपले मानले. कुष्ठरोग मज्जातंतूंनाच ग्रासतो. हातापायांची संवेदना हरपते, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. ज्यांना वेदना कळत नव्हती त्यांची सेवा करणाऱ्याच्या वाट्याला मात्र वेदनाच आली. मणक्यांच्या झिजेमुळे बाबांना बसता येईना. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तिसरी स्थिती उरली नाही. शस्त्रक्रिया झाल्या, दुखणे राहिलेच.

याच अवस्थेत डिसेंबर १९८५ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते ‘भारत जोडो’ यात्रेसाठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर, बाबा वाहनातल्या बिछान्यावर. १९८८ मध्ये ईटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. नामदेवांच्या पंजाबातही, तेथील अशांततेच्या दिवसांत, ते जाऊन आले. शरीर काय करू शकत नाही याचा हिशेब त्यांनी एकदाच केला, आणि उरलेल्या दोन स्थितींत काम मांडले. अर्थात साधनाताईंसारखी सहधर्मचारिणी आणि हाताशी कार्यकर्ते होते. एकाकी रुग्णाला बाबांचे उदाहरण देऊन लाजवणे हा अन्यायच ठरेल.

१९९० मध्ये बाबा नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. लोक त्यांच्या खाटेपाशी जात. आपल्या प्रवचनमंडपात बसू न शकणाऱ्यांसाठी दोन खाटा सहज मावतील; त्या पुढे मांडाव्यात, दाराजवळच्या कोपऱ्यात नव्हे.