चौकशीशिवाय शिक्षा नाही



माग थांबला की बोट प्रथम विणकराकडे जाते. पण सूत कच्चे होते, धोटा झिजला होता की वीजच कमी होती, हे पाहिल्यावाचून दोष ठरवायचा कसा? चौकशीशिवाय शिक्षा नाही, हा आमच्या चळवळीचा नियम आज मला संगणकाला लावायचा आहे. आपली मुले सुटे भाग आणून घरी संगणक जोडतात. तो सुरू झाला नाही की कोणी तरी बेधडक सांगतो, 'मदरबोर्ड जळाला.' मग कष्टाचे पैसे नव्या बोर्डात जातात, आणि पुष्कळदा दोष असतो नीट न बसलेल्या स्मृतीच्या पट्टीचा.

स्मृती म्हणजे काय? जवळच्या हत्तरसंग कुडलच्या शिलालेखावर शके 940, म्हणजे इसवी सन 1018, हे वर्ष आजही वाचता येते. संगणकाची रॅम याच्या अगदी उलट. वीज गेली की ती सारे विसरते. ती प्रोसेसरची हातापुरती पाटी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कामाला लागलेल्या संगणकात, ज्याला 1962 साली टिफ्रॅक हे नाव मिळाले, 40 अंशांचे 2048 शब्द मावत. आजच्या आठ गिगाबाइटच्या एका पट्टीत त्याच्या आठ लाखांहून अधिक पट मावते. पण पाटीच हाताशी नसेल तर हिशेब कसा मांडणार?

आता चौकशीचा क्रम ऐका. प्रथम वीज बंद करून तार भिंतीतून काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते. पंखाच फिरत नसेल तर पॉवर सप्लायमागचे बटण आणि बोर्डाची मोठी तार पाहावी. प्रोसेसरची वेगळी तार हमखास विसरली जाते, तीही तपासावी. पंखा फिरतो पण पडदा काळा असेल, तर पडद्याची तार योग्य जागी आहे ना ते बघावे. डीडीआर-5 जातीची पट्टी असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटे थांबावे. यंत्र तेव्हा स्मृतीशी जुळवून घेत असते.

त्यानंतरही काम होत नसेल तर पुन्हा वीज तोडून पट्ट्या काढाव्यात. पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत एकच पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत बसवावी. पट्टीची खूण जुळत नसेल तर जोर करू नये. डीडीआर-4 ची पट्टी डीडीआर-5 च्या खाचेत बसतच नाही. मग दुसरी पट्टी त्याच खाचेत लावावी. एकीने चालले आणि दुसरीने नाही, तर दोष पट्टीचा. चांगली पट्टी एका खाचेत चालते, दुसरीत नाही, तर संशय खाचेवर. एका वेळी एकच बदल, हे पथ्य मोडले की साक्ष बिघडते. बोर्डावरचे छोटे दिवे आणि शिट्ट्याही साक्षीदारच आहेत. त्यांचा अर्थ प्रत्येक कारखान्याचा निराळा, म्हणून पुस्तिका वाचावी.

यंत्र सुरू होते पण मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडते? बायॉसमध्ये स्मृतीचा वाढीव वेग काढावा आणि मेमटेस्टसारख्या प्रणालीने रात्रभर तपासणी करावी. एक चूक निघाली तरी ती सोडून देऊ नये. उलट 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशी सूचना आली, तर चौकशी डिस्कची आणि तिच्यावरील प्रणालीची करावी; स्मृतीला उगाच आरोपी करू नये.

भाग सदोष ठरला तर पावती आणि हमीपत्र घेऊन दुकानात जा. तोंडी उत्तरावर परत फिरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मात्र कोणत्या खाचेत कोणती पट्टी लावली आणि काय घडले, हे वहीत लिहून ठेवा. लेखी नोंद असलेल्या माणसाला सहजासहजी गप्प बसवता येत नाही, हे कामगारांनी अनुभवाने जाणले आहे. आपल्या मुलांनीही ते आजच जाणावे, एवढेच माझे मागणे आहे.