आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. आड कोरडा असला की पोहरा रिकामा वर येतो आणि तो पाहून आड कोरडा आहे एवढे तरी माणसाला कळते. आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे त्याची अडचण अशी की, आड कोरडा असतानाही त्याचा पोहरा भरून वर येतो.

हे यंत्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट. आपल्या जुन्या भाषेत गुमास्ता. धन्याने काम सांगावे आणि त्याने पेढीवर, कचेरीत, दप्तरात हिंडून ते करून आणावे. हा गुमास्ता भाषेत मोठा पारंगत आहे. अमुक कंपनीला गेल्या वर्षी किती नफा झाला, असे विचारताच तो आकडा सांगतो. पण पुष्कळदा तो आकडा त्याने कोठे पाहिलेला नसतो. पूर्वी वाचलेल्या मजकुराच्या ओघात शोभेल असा तो जुळवलेला असतो. काव्यात या शक्तीला प्रतिभा म्हणता येईल; ताळेबंदात तिला खोटा हिशेब म्हणतात.

यावर उपाय एकच. गुमास्त्याला सांगावे, 'बाबा, आठवू नकोस. जा, आणि मूळ कागद घेऊन ये.' त्यासाठी त्याच्या हाती दप्तरखान्याची किल्ली द्यावी लागते. ही किल्ली म्हणजे एक लहानशी आज्ञावली. नोव्हेंबर 2024 मध्ये ॲन्थ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा खुला संकेत प्रसिद्ध केला, तेव्हापासून अशा किल्ल्या एका ठरावीक घडणीच्या करणे सोपे झाले आहे.

मी व्यवसायाने हिशेबतपासनीस. माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या कामात आहे. आम्ही दोघांनी मिळून अशी एक किल्ली घडवली. दप्तरखाना निवडला तो अमेरिकेतला. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याच्या 399 व्या कलमाप्रमाणे कोणाही नागरिकाला कंपनीने दाखल केलेले कागद पाहता येतात; पण त्यासाठी शुल्क भरावे लागते. अमेरिकेत 1934 च्या कायद्याने रोखेबाजारावर देखरेख करणारा आयोग नेमला गेला. त्याचे 'एडगर' नावाचे विजकीय दप्तर 1993 ते 1996 या काळात टप्प्याटप्प्याने सर्व अमेरिकन नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक झाले. ते कोणालाही विनामूल्य खुले आहे. अटी दोनच: आत येणाऱ्या यंत्राने आपली ओळख सांगावी, आणि एका सेकंदात दहापेक्षा अधिक कागद मागू नयेत.

या दप्तरातील आकड्यांना एकेक खूणचिठ्ठी लावलेली असते. चार्ल्स हॉफमन या अमेरिकन हिशेबनिसाने 1998 मध्ये जिची कल्पना मांडली, त्या 'एक्सबीआरएल' पद्धतीची ही चिठ्ठी. हा नफा, हे कर्ज, ही शिल्लक, असे तीवर लिहिलेले असल्यामुळे ती यंत्राला वाचता येते. आम्हांला वाटले, आता राहिले काय? चिठ्ठी वाचायची आणि आकडा द्यायचा!

आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. पगाराबरोबर त्याला कंपनीचे काही भाग मिळालेले. ते विकून इकडे घर घ्यावे की आणखी दोन वर्षे ठेवावेत, असा बापलेकांत विचार चालला होता. प्राध्यापक आमच्याकडे आले. गुमास्त्याला प्रश्न केला. त्याने किल्ली लावली, दप्तर उघडले आणि शेवटच्या वर्षाचा नफा म्हणून एक भरघोस आकडा पुढे ठेवला. प्राध्यापकांची मुद्रा उजळली. 'मग ठेवूच या,' असे म्हणून ते उठलेही.

सवयीने मी मूळ अहवाल उघडला. कंपनी त्या वर्षी तोट्यात होती! गुमास्त्याने आणलेला आकडा खरा होता, त्याच अहवालातला होता. पण तो दोन वर्षांपूर्वीचा होता. तुलनेसाठी अहवालात मागील दोन वर्षांचे आकडे शेजारी छापतात, आणि चिठ्ठीवरचे वर्ष हे आकड्याचे वर्ष नसून अहवालाचे वर्ष असते. तीनही आकड्यांवर एकच वर्ष. आमच्या आज्ञावलीने त्यांतला पहिला उचलला. मी फाटकापर्यंत धावत जाऊन प्राध्यापकांना परत बोलावले.

त्या रात्री मला झोप आली नाही. बनावट आकडा एक वेळ ओळखू येतो. पण खरा आकडा चुकीच्या जागी बसला की तो ओळखायचा कसा?

मग आम्ही किल्ली नव्याने घडवली. आता ती नुसता आकडा देत नाही. हिशेबाचा काळ कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कोणत्या तारखेला संपला, रक्कम कोणत्या चलनात आहे, कागद केव्हा दाखल झाला आणि त्याचा दप्तरातील क्रमांक काय, एवढे सांगितल्यावाचून आकडा बाहेर पडत नाही. नावे बदलतात हेही ध्यानात घ्यावे लागले. 2018 च्या सुमारास तेथे उत्पन्न मोजण्याचे नियम बदलले आणि पुष्कळ कंपन्यांनी विक्रीच्या रकमेला नवी खूणचिठ्ठी लावली. एकच नाव शोधणाऱ्याला त्या कंपनीची एका बाजूची वर्षे दिसतच नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कागद सापडला नाही तर 'सापडला नाही' असे स्पष्ट शब्दांत म्हणावयाचे. गुमास्त्याला हे एक वाक्य शिकवणे सर्वांत कठीण गेले. आणि माणसांनाही ते सहजी येते असे नाही.

तथापि एवढ्याने सत्य हाती आले, असे कोणी समजू नये. हैदराबादच्या सत्यम कंप्युटर्स या कंपनीचे उदाहरण ताजे नसले तरी विसरण्याजोगे नाही. तिचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारातही होते आणि तिचे वार्षिक अहवाल याच अमेरिकन दप्तरात दाखल होत. 7 जानेवारी 2009 रोजी तिच्या अध्यक्षांनी, रामलिंग राजू यांनी, पत्र लिहून कबूल केले की, वहीत दाखवलेल्या 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकेपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. आमची किल्ली तेव्हा असती, तर तिने काय केले असते? तारीख, चलन, क्रमांक यांसह तो खोटा आकडा बिनचूक आणून दिला असता. पोहऱ्याची चूक नसती. आडातलेच पाणी नासलेले होते.

म्हणून कागद आणणे हे गुमास्त्याचे काम. कागद खरा की खोटा हे पाहणे लेखापरीक्षकाचे, आणि दोहोंनंतर निर्णय घेणे ज्याचा पैसा त्याचे. या तीन कामांची सरमिसळ झाली की घात झाला. यंत्र जितके गोड बोलते, तितकी ती सरमिसळ सोपी होते.

प्राध्यापकांनी पुढे काय केले, असे आपण विचाराल. त्यांनी गुमास्त्याचे उत्तर मुलाला कळवले नाही. अहवालाचा क्रमांक कळवला आणि लिहिले, 'हा कागद तू स्वतः वाच. मग आपण बोलू.' आमच्या किल्लीचा इतका योग्य उपयोग आम्हांलाही सुचला नव्हता.