सार्वजनिक पैसा, खाजगी विमा : अमेरिकेतील आरोग्यसुधारणेचा वाद

अमेरिकेतील आरोग्यसुधारणेचा वाद सरकार विरुद्ध बाजार अशा दोन तटांत मांडण्याची रीत तेथील राजकारणात इतकी रुळली आहे की, ज्या खाजगी विमा कंपन्या बाजाराच्या बाजूने उभ्या असतात, त्या स्वतः सार्वजनिक पैशावर किती विसंबून आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, आरोग्यावर खर्च होतो आणि त्यातला फार मोठा भाग या ना त्या वाटेने करदात्याच्या खिशातून येतो. खाजगी कंपनीच्या हातून खर्च झाल्याने सार्वजनिक पैसा खाजगी होत नाही. म्हणून त्याचा हिशोब मागण्याचा आणि त्यावर अटी घालण्याचा अधिकारही जनतेकडेच राहतो, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

या व्यवस्थेचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. 1942 साली सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा कामगारांच्या टंचाईने त्रासलेल्या कारखानदारांनी वेतनाऐवजी आरोग्यविमा देऊ केला, आणि मालकाने भरलेला विमाहप्ता कामगाराचे करपात्र उत्पन्न मानायचा नाही, ही तरतूद 1954 च्या करसंहितेने पक्की केली. अर्थशास्त्रात याला करव्यय म्हणतात, म्हणजे सरकार तिजोरीतून पैसा काढून देत नाही, तर येणे असलेला कर सोडून देते. हा खर्च अर्थसंकल्पात डोळ्यांत भरत नसल्यामुळे त्याच्यावर वादही होत नाही; वस्तुतः तो खाजगी विम्याला मिळालेला सरकारी आधारच आहे. त्यातला अन्याय असा की, पगार जितका मोठा तितका कराचा दर चढा आणि तितकीच सवलतही मोठी, तर ज्या मजुराला मालक विमाच देत नाही, त्याच्या पदरी यातले काहीच पडत नाही.

विमा हा मुळात जोखीम वाटून घेण्याचा व्यवहार आहे, पण आजारपण अपेक्षित असलेली माणसे विमा घेण्यास अधिक उत्सुक असतात आणि निरोगी माणसे टाळाटाळ करतात; या प्रवृत्तीला प्रतिकूल निवड म्हणतात. तिच्यावर खाजगी कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ग्राहक पारखून घेणे, आधीपासूनचा आजार असलेल्याला नाकारणे किंवा त्याच्याकडून न पेलवणारा हप्ता मागणे. वृद्ध आणि गरीब या पारखणीत बाहेर पडणार, हे उघड होते. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी 1945 मध्ये मांडलेली राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना डॉक्टरांच्या संघटनेच्या कडव्या विरोधापुढे टिकली नाही, आणि 30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्याच गावी, इंडिपेंडन्स येथे, त्यांच्या उपस्थितीत ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड एवढेच दिले. सर्वांत महागडी जोखीम सरकारकडे आली आणि कमी आजारी पडणारा नोकरदार वर्ग कंपन्यांकडे राहिला. ही वाटणी ज्यांच्या पथ्यावर पडली, त्यांनीच पुढे सरकारी विमा खर्चिक असल्याची तक्रार करावी, हे न्यायाला धरून नाही.

मेडिकेअरच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंशभेद पाळणाऱ्या संस्थेला संघराज्याचा पैसा देता येत नव्हता, आणि दक्षिणेकडील अनेक रुग्णालयांत तर काळ्या रुग्णांसाठी वेगळे कक्ष होते किंवा त्यांना प्रवेशच नव्हता. न्यायालयीन लढ्यांनी वर्षानुवर्षे जे पुरते साधले नव्हते, ते मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर भेदभाव बंद करा, या एका अटीने 1966 मध्ये अवघ्या काही महिन्यांत बहुसंख्य रुग्णालयांत घडवून आणले. सार्वजनिक पैशाला जोडलेली अट केवढे काम करू शकते, याचा याहून बोलका पुरावा नाही. त्याच 1965 मध्ये झालेल्या स्थलांतरविषयक कायद्याने भारतीय डॉक्टरांना अमेरिकेचे दार उघडले. मुंबई-पुण्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेली मराठी मुले-मुली तेथील रुग्णालयांत रुजू झाली, आणि महाराष्ट्राच्या करदात्याने शिकवलेले हात तेथील करदात्याने उभारलेल्या व्यवस्थेच्या कामी आले.

2009 मध्ये नव्या आरोग्यसुधारणा कायद्यावरून झालेल्या वादात सरकारी विम्याचा पर्याय हा कळीचा मुद्दा ठरला. खाजगी पॉलिसींच्या शेजारी सरकारची एक पॉलिसी विकायला ठेवावी आणि ग्राहकाने निवड करावी, एवढीच ती कल्पना. स्पर्धेचा पुरस्कार करणाऱ्या कंपन्यांनी या स्पर्धेला विरोध केला, कारण नफा आणि जाहिरातीचा भार नसलेली व रुग्णालयांकडून कमी दर मिळवू शकणारी पॉलिसी आपले ग्राहक नेईल, ही भीती त्यांना होती. प्रतिनिधिगृहाने 7 नोव्हेंबर 2009 रोजी हा पर्याय असलेले विधेयक मंजूर केले, तरी सिनेटमध्ये चर्चा संपवण्यासाठी साठ मते लागत आणि सिनेटर जो लिबरमन यांनी पाठिंबा नाकारल्यावर तो गळला. 23 मार्च 2010 रोजी झालेल्या कायद्याने आधीच्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारण्यास बंदी केली, विमा न घेणाऱ्यावर दंड बसवला आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यासाठी अनुदान दिले. लाखो माणसांना प्रथमच विमा मिळाला, हे मोठे काम झाले. पण अनुदान शेवटी कंपन्यांच्याच खात्यात जमा होऊ लागले.

त्या बदल्यात कायद्याने कंपन्यांवर घातलेली अट तपासण्याजोगी आहे. वैयक्तिक व लहान गटांच्या पॉलिसींत हप्त्याच्या किमान 80 टक्के आणि मोठ्या गटांत 85 टक्के रक्कम उपचार व गुणवत्तावाढीवर खर्च झाली पाहिजे, अन्यथा उरलेला पैसा ग्राहकाला परत करावा, असा हा नियम आहे. नियम चांगला असला, तरी तो प्रमाण बांधतो, रक्कम बांधत नाही. उपचार महागले की हप्ताही वाढतो आणि उरलेले 15-20 टक्के आपोआप मोठे होतात, त्यामुळे दर खाली आणण्याची कंपनीची निकड त्या मानाने कमी होते.

हाच दोष मेडिकेअरच्या खाजगी शाखेत, मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजमध्ये, अधिक ठळक दिसतो. तेथे सरकार प्रत्येक सभासदामागे ठरावीक रक्कम कंपनीला देते आणि सभासद जितका आजारी नोंदला जाईल तितकी ती वाढवते. परिणामी उपचार असोत वा नसोत, निदानांची नोंद वाढवण्याला मोल आले, तर दुसरीकडे उपचारापूर्वी कंपनीची मंजुरी घेण्याच्या सक्तीमुळे वृद्ध रुग्ण ताटकळू लागले. दातांचे उपचार, चष्मे, वार्षिक खर्चावर मर्यादा असे लाभ मूळ मेडिकेअर देत नसल्याने निम्म्याहून अधिक लाभार्थी या शाखेत गेले, आणि त्यांची निवड चुकीची म्हणता येत नाही. परंतु तेच रुग्ण मूळ मेडिकेअरमध्ये असते तर जेवढा खर्च आला असता, त्याहून अधिक पैसा सरकार येथे मोजते, असे संसदेच्या सल्लागार आयोगाने वारंवार दाखवून दिले आहे. मग ते लाभ सर्वच वृद्धांना थेट का देऊ नयेत, या प्रश्नाला कंपन्यांच्या समर्थकांकडे समाधानकारक उत्तर नाही.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चाललेल्या जनआरोग्य योजनेत राज्य सरकारनेच गरीब कुटुंबांचा हप्ता विमा कंपनीला भरण्याची पद्धत स्वीकारली. अशा करारात किती दावे नाकारले गेले व कोणत्या कारणाने, मंजुरीला किती तास लागले, हप्त्यातला किती पैसा उपचारावर गेला आणि उरलेला कोणाकडे राहिला, हे जिल्हावार प्रसिद्ध करण्याची अट असली पाहिजे, आणि ती न पाळणाऱ्या कंपनीला पुढचा हप्ता देता कामा नये.