रुपयाची खूण आणि आमचं पाकीट

गटाच्या वहीत आपण रुपयाची खूण काढतो. ती कुणी तयार केली, ठाऊक आहे? मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकणाऱ्या डी. उदय कुमार या विद्यार्थ्यानं. सरकारनं स्पर्धा घेतली होती. १५ जुलै २०१० रोजी त्यांची खूण मंजूर झाली. तिच्यात आपला ‘र’ आहे, इंग्रजी ‘आर’ही आहे. वरची रेघ म्हणजे आपली शिरोरेषा, आणि दोन आडव्या रेघांत तिरंग्याचा विचार. अर्थ एवढा, पण रेघा मोजक्याच!

हे समजलं आणि आम्ही आमचं पापडाचं पाकीट पाहिलं. कळस, तोरण, वेलबुट्टी, आणि नाव कोपऱ्यात! बाजारात बाया पाकीट उलटंपालटं करून ठेवून द्यायच्या. बैठकीत विचारलं, गिऱ्हाइकाला आधी काय दिसायला हवं? कळस काढायचा म्हटल्यावर काही जणी रुसल्या. शेवटी ठरलं: पुढे मोठ्या अक्षरांत ‘नाचणीचे पापड’, खाली गटाचं नाव, वजन, किंमत, तारीख, परवान्याचा नंबर मागे. कळस राहिला, पण छोटा. आता बाया आधी नाव वाचतात, मग भाव विचारतात.

तुमचंही पाकीट चार हातांवर ठेवून बघा. नाव वाचता येतं का?